दत्तक श्रोता

बाबांनी व्हायोलिनचा गज उचलला, की घरातल्या प्रत्येकाला एकदम काम आठवे. चिरंजीव अंघोळीला पळत, मग ती दिवसातली दुसरी का असेना. सूनबाईंना स्वयंपाक टाकून पळायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी मिठाच्या बरणीमागे कापसाचे दोन बोळे ठेवले होते. बाबा अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. उभा जन्म बंबाच्या घंटेखाली गेल्यामुळे आपण काढतो तो आवाज त्यांना नाजूक वाटे. पण तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती. सासूबाई गेल्यापासून बाबा हसत ते फक्त त्या तासाभरात.

एके दिवशी बाबांनी कुत्रा दत्तक घ्यायचं ठरवलं. भटक्या कुत्र्यांच्या आश्रमात ते पोचले आणि नेमकी जेवणाची घंटा झाली. झाडून सगळी कुत्री भुंकत उठली. पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा तेवढा कोपऱ्यात शांत बसून होता.

"हाच द्या," बाबा म्हणाले.

"आजोबा, याचं वय झालंय हो. सगळे पिल्लूच नेतात," तिथला माणूस म्हणाला.

"मग मी काय पाळण्यात आहे? भारदस्त आहे तो. उगीच तोंड वाजवत नाही."

दुसऱ्या सकाळी बाबांनी गज फिरवला, तसा म्हातारा येऊन त्यांच्या पायाशी पसरला आणि त्याने डोळे मिटले. तासभर हलला नाही. बाबांचे डोळे भरून आले.

"सूनबाई, पाहिलंस? डोळे मिटून ऐकतोय! जाणकार आहे."

त्याचं नाव रसिकराव पडलं. एका तासाचे दोन झाले, मग संध्याकाळचीही बैठक सुरू झाली. तुमचा पाण्याचा पंप बिघडलाय का, अशी वरच्या मजल्यावरून काळजीने विचारणा झाली.

मग सूनबाई रसिकरावांना लस टोचायला घेऊन गेल्या. तिथे डॉक्टरांच्या हातून स्टीलचा ट्रे पडला. सूनबाई दचकल्या, रसिकरावांनी मान वळवली नाही.

"ठार बहिरा झालाय हा," डॉक्टर म्हणाले. "पण नुसता मळ साठलाय. साफ केला की ऐकू येईल."

"करायलाच हवा का?" सूनबाईंच्या तोंडून निघून गेलं.

डॉक्टर बघतच राहिले. तेवढ्यात रसिकराव कान खाजवत कण्हले. सूनबाईंना स्वतःची लाज वाटली. "करा साफ," त्या म्हणाल्या.

घरी चिरंजिवांनी कपाळाला हात लावला. "अगं, बाबांचा एकुलता एक श्रोता होता तो!"

"दुखत होतं त्याला. जीव आहे तो."

"आणि उद्या तो उठून गेला म्हणजे? आई गेल्यावर बसायचे, तसे बाबा परत खिडकीशी बसून राहतील."

सूनबाईंना रात्रभर तेच दिसत राहिलं. सकाळी चिरंजीव अंघोळीला न जाता पडद्याआड उभे राहिले. सूनबाई सवयीने बोळे घालून ओट्याशी गेल्या, पण त्यांचं लक्ष भाजीत नव्हतं.

बाबांनी गज टेकवला. रसिकराव ताडकन उठले. त्यांनी व्हायोलिनकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि मान वर करून असा गळा काढला, की पडदा हलला.

"गातोय! माझ्याबरोबर गातोय!" बाबा हरखले.

पण बाबा थांबले तरी रसिकराव थांबेनात. कित्येक दिवसांनी स्वतःचा आवाज ऐकू आला होता आणि तो त्यांना फारच आवडला होता.

"अरे, सुरात! सुरात रे! किती बेसूर!" बाबा कान झाकून स्वयंपाकघरात आले. "सूनबाई, कापूस आहे का घरात?"

सूनबाई भाजी ढवळत राहिल्या.

"अगं, कापूस!"

बाबांनी खांद्याला हात लावला. सूनबाई दचकल्या आणि त्यांनी पटकन कानातले बोळे काढले. "काय म्हणालात, बाबा?"

बाबांनी त्यांच्या तळहाताकडे पाहिलं.

"हेच मागत होतो," बाबा म्हणाले. "केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून," सूनबाई मान खाली घालून म्हणाल्या.

बाबांनी ते बोळे उचलून पाहिले. मग पोट धरून हसले. एक बोळा त्यांनी स्वतःच्या कानात घातला आणि दुसरा सूनबाईंच्या हातावर परत ठेवला.

"हा तुला राहू दे," ते म्हणाले. "त्याचं झालं की माझी पाळी आहे."