टिपरेसाहेबांचे घरबसल्या दौरे

टिपरेसाहेबांच्या मराठीच्या वर्गात तुम्ही सिंहगडावर चढलात, तर खाली उतरल्याशिवाय ते तुम्हाला जागेवर बसू देत नाहीत.

हे मी स्वतः पाहिलेलं आहे. आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायटीत तळमजल्यावर एक हॉल आहे. एरवी त्यात मोडक्या खुर्च्या आणि होळीचे उरलेले ड्रम असतात, रविवारी सकाळी मराठीचा वर्ग भरतो. आदित्य पोळ नावाचा, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला आणि आडनावापुरता मराठी उरलेला मुलगा पुणे शहर सादर करत होता. पडद्यावर त्यानं सिंहगड दाखवला, तटावरचं वारं किती छान आहे ते सांगितलं आणि धन्यवाद म्हणून निघाला.

"थांबा," टिपरेसाहेब म्हणाले. "आपण आत्ता कुठे आहात?"

"सर, इथेच."

"आपण गडावर आहात. चढल्याची नोंद आहे, उतरल्याची नाही."

"सर, मैंने तो... म्हणजे मी तर यूट्यूबवर बघितलं."

"यूट्यूबवर गड सपाट आहे का? उतरा. मराठीत उतरा."

आदित्य उतरला. वाटेत निसरड्या जागी त्याचे शब्द संपले, तेव्हा टिपरेसाहेबांनी ते पुरवले. दही खाण्यासाठी थांबायची परवानगी दिली, पण ते कुठल्या भांड्यात मिळालं ते वदवून घेतलं. पायथ्याशी पोचेपर्यंत आदित्यला खरोखरच घाम आला होता.

दत्तात्रय टिपरे केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात आयुष्यभर दुसऱ्यांच्या दौऱ्यांची बिलं तपासत होते. साहेब लोक गुवाहाटीला जायचे, कोचीनला जायचे, आणि टिपरे खुर्चीत बसून त्यांच्यामागून जायचे. अमुक गाडी तमुक स्टेशनात पोचलीच नाही तर साहेब तिथं जेवले कसे, असा प्रश्न ते विचारत. स्वतः ते फारसे कुठे गेले नाहीत. पण न गेलेल्या गावाबद्दल गेलेल्या माणसाला अडचणीत कसं आणायचं, ही विद्या त्यांच्याकडे होती. मराठी शिकवण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी तीच वापरली.

म्हणजे असं, की वर्गातल्या प्रत्येकानं महाराष्ट्रातलं एक न पाहिलेलं शहर निवडायचं, नकाशे, फोटो, व्हिडिओ धुंडाळून त्यात फिरायचं आणि वर्गाला मराठीतून फिरवून आणायचं. वर्ग चालवणाऱ्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी या उपक्रमाचं 'आभासी महाराष्ट्र दर्शन' असं नामकरण केलं, समई पेटवली, आणि मायबोली जपली पाहिजे या विषयावर बराच वेळ हिंदीत बोलले. टिपरेसाहेबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि आभार मानताना एवढंच म्हणाले, "अध्यक्षमहोदय कुठल्या गावाला गेले होते ते रेकॉर्डवर आलेलं नाही."

मी त्यांचा शेजारी, भिंतीला भिंत. निवृत्त आहे, रविवारी सकाळी मला काही काम नसतं. श्रोत्यांची संख्या वाढवायला म्हणून गेलो आणि नियमित झालो. खरं सांगायचं तर सिमरनमुळे झालो.

सिमरन राजौरी गार्डनची. नोएडातल्या एका ऑफिसात तिची निखिलशी ओळख झाली आणि दोघांनी इथेच रजिस्टर लग्न केलं. निखिलचं घर मिरजेला. त्याची आई लग्नाला आली नाही. नंतरही आली नाही. फोनवर मुलाशी बोलायची, सुनेचा विषय निघाला की म्हणायची, "मला हिंदी येत नाही, तिला मराठी येत नाही. काय बोलणार?" वाक्य साधं होतं, पण त्यानं दार बंद झालेलं होतं. दिवाळीला सिमरन पहिल्यांदा मिरजेला जाणार होती आणि निखिलला सुट्टी उशिरा मिळत असल्यामुळे पहिले काही दिवस एकटी राहणार होती. वर्गात आली त्याच दिवशी तिनं हे सगळं हिंदीत, न लाजता सांगून टाकलं.

"मिरज घ्या," टिपरेसाहेब म्हणाले.

त्यानंतर दर रविवारी आम्ही मिरजेला जायला लागलो. इतर मंडळी ताजमहालाच्या थाटात अजिंठा दाखवून मोकळी झाली. सिमरन मात्र मिरज स्टेशनच्या बाहेर अडकली होती, कारण टिपरेसाहेब तिला रिक्षाच मिळू देत नव्हते.

"सामान किती आहे?"

"एक बॅग, सर. आणि मिठाईचा डबा."

"डबा कुठल्या हातात?"

"सर, यार... सॉरी. डाव्या."

"मग रिक्षावाल्याला पत्ता कसा दाखवला? फोन उजव्या हातात, बॅग कुणाच्या?"

आदित्य मागून पुटपुटला, "इन्क्वायरी बसली बिचारीवर." टिपरेसाहेबांनी त्याची नोंद घेतली. 'नोंद घेतली' असं ते मोठ्यानं म्हणत, आणि नोंद कुठेही करत नसत.

हळूहळू सिमरन शहरात शिरली. नकाशावरच्या रस्त्यांच्या फोटोंतून ती रोज ऑफिस सुटल्यावर मेट्रोत बसल्याबसल्या मिरजेत चालायची. दर्गा, सतारी बनवणाऱ्यांची गल्ली, भाजी मंडई. एका कोपऱ्यावर तिला भडंगाचं दुकान सापडलं, निळ्या पाटीचं. निखिल म्हणाला होता की आईला तिथलं भडंग फार आवडतं. सिमरननं ते दुकान पाठ केलं. स्टेशनहून घरी जाताना कुठे वळलं की ते लागतं, हे तिला आमच्यापैकी कुणीही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं.

घराच्या दाराशी मात्र दौरा थांबायचा. टिपरेसाहेब विचारत, "दार उघडलं. आता पहिलं वाक्य?" सिमरन म्हणायची, "नमस्कार आई, मी सिमरन." ते मान हलवत. "हे त्यांना माहीत आहे. दुसरं सांगा." दुसरं तिला सुचत नसे, आणि त्यांनाही ते सांगता येत नसे. शब्द पुरवणारा हा माणूस तिथं खिडकीबाहेर पाहत बसायचा.

का, ते मला माहीत होतं. टिपऱ्यांच्या मुलीचं, मंजिरीचं, लग्न ठरलं तेव्हा पटियालाहून मुलाचे आईवडील यांच्या घरी आले होते. यांना ते लग्न पसंत नव्हतं. टिपरेवहिनी तेव्हा हयात होत्या, त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. घरात कुणी बोलणारं असावं म्हणून. मुलाची आई, सगळे तिला बीजी म्हणत, मोठ्या उत्साहानं बोलत होती. टिपरे चहाच्या कपाकडे बघत राहिले. भांडले नाहीत, नकार दिला नाही. पाहुणे उठून जाईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. लग्न झालं. वहिनी पटियालाला जाऊन-येऊन होत्या. त्या गेल्यावर ते येणंजाणं बंद झालं. मंजिरी फोन करते, वडील ब्लडप्रेशरचे आकडे सांगतात. बाबा, या की इकडे, असं ती म्हणाली की उत्तर ठरलेलं असतं: "बघू, दौरा मंजूर झाला की."

मंजूर कोण करणार, हा प्रश्न आक्षेप काढण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला कधी पडला नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सिमरन निजामुद्दीनहून गाडीत बसली. टिपरेसाहेब स्टेशनवर गेले नाहीत, पण त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही माझ्या घरी येऊन, गाडी कुठे असेल ते सांगत बसले. झाशी येऊन गेली असेल. मनमाड आलं असेल. पुण्याला इंजिनाची दिशा बदलतात का हो? मी म्हटलं, फोन करून विचारा तिला. ते म्हणाले, "छे, ती दौऱ्यावर आहे."

परत आल्यावरच्या रविवारी हॉल भरलेला होता. सिमरन उभी राहिली. स्लाइड नव्हती, काही नव्हतं.

"दार उघडलं," ती म्हणाली. "आईंनी मला पाणी दिलं. बस म्हणाल्या. मग काहीच नाही. मी पण काहीच नाही. दोन दिवस फक्त चहा, जेवण, चहा. मी बाथरूममध्ये जाऊन रडली, सर."

टिपरेसाहेबांनी चष्मा काढला.

"तिसऱ्या दिवशी बाजारात जायचं होतं. आम्ही रिक्षात बसलो. मी म्हटलं, चलो, आता माझा नंबर. मी रिक्षावाल्याला सांगितलं, भाऊ, इथून उजवीकडे, मग मंडईच्या पुढे, कोपऱ्यावर निळी पाटी, भडंगचं दुकान. आई माझ्याकडे बघतच राहिल्या. रिक्षावाला पण. तो गेला तिथं. आणि सर, तिथं मोबाइलचं दुकान."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं.

"नकाशाचा फोटो जुना होता. भडंगवाला कधीच दुसरीकडे गेला. मी रिक्षातून उतरून नुसती उभी. आणि आई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी. म्हणाल्या, 'अगं बाई, जन्म गेला माझा या गावात, आणि तू दिल्लीहून येऊन मला रस्ता दाखवतीस होय? चल, मी दाखवते.' मग त्यांनी मला चालत नेलं. नव्या दुकानात. तिथून सतारीच्या गल्लीत, त्यांच्या माहेरच्या लोकांकडे, सगळीकडे. प्रत्येकाला सांगत होत्या, ही माझी सून, हिला विचारा पत्ते. त्या आठ दिवस बोलत होत्या, सर. मला निम्मं पण कळलं नाही."

आदित्यनं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. टिपरेसाहेबांनी वाजवल्या नाहीत. ते आक्षेप घेणार असं मला वाटलं. पण त्यांनी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे तुम्ही चुकलात, म्हणून त्या बोलल्या?"

"बहुतेक हो, सर."

"बरोबर पोचला असतात तर?"

सिमरननं विचार केला. "तर भडंग घेतलं असतं आणि गुपचूप घरी आलो असतो."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी एक शहर मी सादर करीन. पंजाबीतून. सिमरन, आपण जरा मदत करा."

तो आठवडाभर भिंतीपलीकडून मला त्यांची पंजाबी ऐकू येत होती. सरकारी खलित्यासारखी पंजाबी होती ती. रविवारी ते इस्त्रीचा सदरा घालून आले आणि पडद्यावर पटियाला उघडलं. किल्ला दाखवला, बाजार दाखवला, जुत्त्यांची दुकानं दाखवली. सिमरन मध्येमध्ये शब्द देत होती, ते 'हां जी' म्हणत होते. मग एक गल्ली आली आणि गल्लीत एक हिरवं फाटक. तिथं ते थांबले.

"ह्यापुढचं मला येत नाही," ते मराठीत म्हणाले.

हॉलमधल्या निम्म्या लोकांना ते फाटक कुणाचं ते माहीत नव्हतं, पण आवाजावरून सगळ्यांनाच काहीतरी कळलं. सिमरन पुढे आली, टेबलावरचा त्यांचा फोन उचलून तिनं त्यांच्या हातात दिला.

त्यांनी फोन लावला. "मंजिरी? हो, बरा आहे. ब्लडप्रेशर ठीक आहे. तुझ्या सासूबाई आहेत का जवळ? दे जरा."

आठवडाभर घोकलेली वाक्यं त्या क्षणी त्यांना सोडून गेली असावीत. फोन कानाला लावून शेवटी ते मराठीतच म्हणाले, "नमस्कार. मी टिपरे. त्या दिवशी मी बोललो नाही."

पलीकडे एका म्हाताऱ्या बाईचा मोठा आवाज सुरू झाला. इतका मोठा, की पहिल्या रांगेत मलाही ऐकू येत होता. तो थांबेचना. टिपरेसाहेब खुर्चीत बसले. "हां जी," ते म्हणत होते. "हां जी. हां जी." सिमरननं तोंड दुसरीकडे वळवलं होतं आणि ती आदित्यला उगाचच खुर्च्या लावायला सांगत होती.

फोन संपला तेव्हा मी जवळ जाऊन विचारलं, "काय म्हणाल्या?"

"अर्धं कळलं," ते म्हणाले. फोन खिशात ठेवायला त्यांना खिसा सापडत नव्हता. "अर्धं तिकडे जाऊन विचारतो."