लाल दोऱ्याची दहा पाने

सोपानतात्या दर सोमवारी सकाळी सात वाजता माझ्या अंगणात स्टूल मांडून चिकूची पाने पुसत असत. सगळी नव्हेत, दहाच. त्या पानांच्या देठांना लाल दोरा बांधलेला होता आणि तात्यांखेरीज कोणी त्यांना हात लावायचा नाही, असा दंडक होता. झाड त्यांचे, पण फांद्या कुंपणावरून माझ्याकडे झुकलेल्या आणि साखर कारखान्याचे धुराडेही याच अंगाला, म्हणून हे सोवळे माझ्या वाट्याला आले होते. एखादे पान गळले, तर दोरा शेजारच्या पानाला जाई.

पाने पुसून काजळलेला पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा ते वहीत चिकटवीत आणि खाली वाऱ्याची दिशा लिहीत. दर पाडव्याला झाडाखालची मूठभर माती एका बाटलीत जमा होई. अशा आठ बाटल्या माझ्या खिडकीत उभ्या होत्या, कारण त्यांच्या घरात उजेड कमी. माती वर्षागणिक काळी होत चालली आहे, असे ते म्हणत. मला सगळ्या बाटल्या सारख्याच दिसत. खरे सांगायचे तर मी कधी नीट पाहिलेच नव्हते.

मी दाढी करीत असलो की बाहेरून हाक येई, "सायेब, वारं कुठनं हाय?"

"तात्या, तोंडाला साबण आहे."

"मग झ्याक झालं. कुठला गाल आदी वाळला, तेवडं सांगा."

इंदापूर तालुक्यातल्या त्या साखर कारखान्यात तात्यांनी तीस वर्षे बॉयलर पेटवला होता आणि मी तिथेच प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. या कामाला काही शास्त्रीय पद्धत असते, असे मी एकदा सुनावले.

"तुमच्या काचंच्या नळ्या तुमाला लखलाभ," ते म्हणाले. "फडकं खोटं बोलत न्हाय."

हे वाक्य मला झोंबे. त्याचे कारण मी स्वतःपाशीही कबूल करीत नसे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तात्यांनी बारामतीहून आपल्या बायकोसाठी, मंजुळावहिनींसाठी, मोतिया रंगाचे लुगडे आणले होते. नेसण्याआधी वहिनींनी ते धुऊन दोरीवर घातले, तर तासाभरात काळ्या ठिपक्यांनी भरले. तात्या म्हणाले, ही तुझ्या चुलीची काजळी. वहिनींनी शिकलेला माणूस म्हणून मला विचारले, "भावजी, ही कारखान्याचीच ना वो?" मी वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणालो, "एवढ्या लांब येत नाही."

त्यांनी लुगडे पुन्हा धुतले, घरात वाळवले आणि ट्रंकेत ठेवले. "काजळी थांबली की नेसंन," एवढेच म्हणाल्या. पुढल्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्या तेराव्यानंतरच्या सोमवारी वही सुरू झाली. ज्या दिवशी फडके पांढरे निघेल, त्या दिवशी लुगडे बाहेर वाळत घालायचे, हे तात्यांनी मला वाऱ्याची दिशा सांगावी तितक्याच कोरडेपणाने सांगितले होते.

वही सुरू होऊन आठ वर्षे झाली होती आणि माझ्या मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते. गळीत हंगाम भरात होता आणि अंगणावर झुकलेले झाड काळेकुट्ट दिसत होते. रविवारी सकाळी मी पाईप लावून ते धुऊन काढले, लाल दोऱ्यांसकट. विसरून केले, असे मला आज म्हणवत नाही.

सोमवारी फडके पांढरे निघाले. तात्या स्टुलावरून उतरले. वारा विचारला नाही. घरात गेले आणि थोड्या वेळाने त्यांच्या दोरीवर मोतिया लुगडे आले. शेजारी उभे राहून ते त्यावर बसणारा एकेक काळा कण फुंकरीने उडवू लागले. बोटाने टिपला तर डाग पसरतो.

मी कुंपणापाशी गेलो. "तात्या, काल झाड मी धुतलं."

"ठावं हाय. बुडाला चिखल व्हता."

"आणि वहिनींना मी जे सांगितलं होतं, ते न पाहताच..."

"त्ये बी ठावं हाय. म्या बी चुलीवरच ढकललं व्हतं की."

"मग लुगडं का घातलंत बाहेर?"

त्यांनी पदरावर हलकेच फुंकर घातली.

"आट वर्सं वाट बगितली, सायेब. तुमी धुतलं म्हून तरी निगालं भायेर." मग नेहमीच्या वैतागलेल्या सुरात म्हणाले, "आता उबं काय ऱ्हायलाय? वारं तुमच्या अंगानं हाय. तिकडचा काठ तुमी धरा."

मी कुंपण ओलांडले, दुसऱ्या काठाशी उभा राहिलो आणि फुंकू लागलो.