महापौरबाईंचं काळं स्टूल

एबो एसुमानच्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. एबो घानातल्या आमच्या विद्यापीठातला निवृत्त कारकून. अमेरिकेतल्या हार्लन फॉल्स या विद्यापीठाच्या गावाशी आमच्या गावाने बहिणीचं नातं जोडलं होतं, ते त्याने अकरा वर्षं पत्रं लिहून लिहून टिकवलं होतं. आता तिथली नगरपरिषद हे नातं ठेवायचं की मोडायचं यावर मत देणार होती. भरवसा काय तो तिथल्या महापौर लोर्नाबाईंचा.

अशात तिकडून एक फोटो आला. आदल्या वर्षी बाई घानात आल्या, तेव्हा आमच्या गावच्या परंपरागत प्रमुखांनी त्यांना पांढऱ्या लाकडाचं कोरीव स्टूल दिलं होतं. फोटोत ते त्यांच्या कचेरीत ठेवलेलं होतं, पण कुळकुळीत काळं. आणि बाई फोटोत नव्हत्या.

एबोने फोटो उजेडात धरून पाहिला. आमच्याकडे गावाचा प्रमुख मानाने वारला की त्याचं बसायचं स्टूल काळं करून जपतात. जित्या माणसाचं कुणी करत नाही.

त्याने फोटो बाजारात कापड विकणाऱ्या अराबामावशीला दाखवला. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिला. बाईंनी आपल्या हातची केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, आणि तळलेला मासा दोनदा मागून घेतला होता, हे तिला आठवलं आणि तिने डोळ्यांना कापडाचं टोक लावलं.

"फोन करून विचारू का?" एबो म्हणाला.

"काय विचारशील? बाई मेल्या का, असं? साठी उलटली तुझी, जरा रीत पाळ."

मोठ्या माणसाचं मरण आमच्याकडे कुणी थेट विचारत नाही, सांगतही नाही. म्हणून एबोने फोन केला तो आडून आडून. सगळं ठीक ना, बाई कचेरीत असतात ना. तिकडच्या कचेरीतली मुलगी म्हणाली, बाई या आठवड्यात कुणालाच भेटणार नाहीत. एवढं पुरलं.

अराबामावशीच्या दुकानातलं शोकाचं लाल-काळं कापड दोन दिवसांत संपलं. चर्चच्या गायकांनी तालीम धरली. कुलगुरूंनी सभागृह दिलं. मतदानाच्या आधी सारं गाव पडद्यावरून परिषदेला भेटू इच्छितं, असं एबोने कळवून टाकलं.

शनिवारी दुपारी अडीचशे माणसं शोकाच्या कपड्यांत बसली. गाणं सुरू झालं, पडदा उजळला. परिषदेचे सहा सभासद, आणि मधोमध पायाला प्लास्टर घातलेल्या लोर्नाबाई.

पुढच्या रांगांचं रडणं थांबलं. मागच्यांना पडदा दिसत नव्हता, ते रडत राहिले.

कोण गेलं, असं बाईंनी काळजीने विचारलं. अकरा वर्षं पाण्यात गेली, असं एबोला वाटलं. तेवढ्यात प्रमुखांच्या वतीने बोलणारे बाइदूबाबा काठी टेकत उठले. खोटं बोलायला लागणारी स्मरणशक्ती त्यांच्याकडे उरली नव्हती.

"बाई, तुम्ही गेलात असं वाटलं आम्हाला. स्टूल काळं दिसलं."

बाईंनी मान वळवून मागे ठेवलेल्या स्टुलाकडे पाहिलं. कॉफीचा डाग पडला म्हणून रंगवून घेतलं, असं त्या हळूच म्हणाल्या. त्यांच्या शेजारचा सभासद तोंड दाबून हसायला लागला. बाई हसल्या नाहीत.

"माझा नवरा गेला तेव्हा एकोणीस माणसं आली होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही किती आहात?"

बाइदूबाबांनी मागे वळून पाहिलं. "बाहेर उभे आहेत ते धरून सांगू, की सोडून?"

हसणाऱ्याने तोंडावरचा हात काढला. मत त्याच बैठकीत झालं, आणि सहाही हात वर गेले. मग अराबामावशीने विचारलं की एवढं शिजवलंय त्याचं काय करायचं. लोक आहेत त्याच कपड्यांत जेवायला बसले. पडदा बंद करायचं कुणाला सुचलं नाही, आणि बाईही उठल्या नाहीत.

एबो पुढे सहा वर्षं पत्रं लिहीत राहिला. २०१९ च्या जूनमध्ये, एका मंगळवारी सकाळी, ती थांबली; का, ते आमच्याकडे कुणी थेट सांगत नाही.