वकीलबाईंच्या कोटाचं माप

"उद्यापासून रोज संध्याकाळी अर्धा तास फिरायला जाणार! नुसतं फिरायला! काम नाही, धाम नाही, हातात पिशवी नाही!"

टेलरमास्तरांनी शिलाई मशीनवर थाप मारून जाहीर केलं. काजं करत बसलेल्या बायकोने सुईवरून मानसुद्धा वर केली नाही. असे संकल्प तिने पुष्कळ पाहिले होते.

पण या वेळी डॉक्टरांनीच दम भरला होता. तीस वर्षं मशीनवर वाकून मास्तरांच्या पाठीची कमान झाली होती, आणि डोक्याची भट्टी. एक काज वाकडं झालं की कात्री भिरकावायचे! डॉक्टर म्हणाले, "सावकाश चाला. घाई नको, काम नको. पाठ सुटेल, डोकंही सुटेल."

पहिल्या संध्याकाळी मास्तर ऐटीत निघाले आणि चौथ्याच दुकानाशी सलूनवाल्याने अडवलं.

"काय मास्तर, कुठे?"

"फिरायला."

"फिरायला? या वेळेला? म्हणजे गिऱ्हाईक तुटलं म्हणा की!"

मास्तर परत येईपर्यंत गल्लीभर झालं की टेलरचं दुकान बसलं. रात्र पडायच्या आत एकजण येऊन न कापलेलं पँटचं कापड परत घेऊन गेला!

काय म्हणावं या लोकांना! माणूस कुणाला बडवायला निघाला तर वाट सोडतील, मजा बघायला मागून येतील. पण नुसता चालायला निघाला की यांच्या पोटात दुखतं! रिकामा माणूस बघवत नाही, आणि स्वतः मात्र दिवसभर दारात उभे!

मास्तरही काही शूर नव्हते. त्यांना लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी गळ्यात टेप अडकवली.

"कुठे मास्तर?"

"माप घ्यायला!"

"कुणाचं?"

आता रस्ता पुरता चालायचा तर शेवटचंच घर सांगायला हवं. शेवटच्या घरात एकट्या वकीलबाई राहायच्या. "वकीलबाईंचं. काळा कोट आहे."

सलूनवाला खूश. मास्तर रस्त्याच्या टोकाला गेले, बाईंच्या कुंपणाला टेकून पाच मिनिटं झाडाकडे बघत बसले, आणि सावकाश परत आले. आणि काय सांगू, आठवड्यात पाठीतली गाठ सुटली! झोप अशी लागायची, जणू कुणी कापडाच्या ताग्यात गुंडाळून ठेवलंय. कात्री उडायची थांबली. कापड बेतताना मास्तर चक्क गुणगुणायला लागले.

पण रोज माप कसलं? कधी बाही राहिली, कधी खांदा, कधी कॉलर. पंधराव्या दिवशी सलूनवाला म्हणाला, "मास्तर, कोट शिवताय की तंबू?"

फिरणं सोडलं, असं त्यांनी घरीही सांगितलं होतं; बायकोने काही विचारू नये म्हणून ते मापाच्या वहीत रोज वकीलबाईंच्या नावाने आकडे टाकायचे. मनाला येतील ते! काल काय लिहिलं ते बघायचे कष्टही घेत नसत. आणि वही असायची बायकोच्या हाताशी.

बायकोने वाचलं. पहिल्या दिवशी कंबर चौतीस. मग सदतीस. मग चाळीस. काल चव्वेचाळीस! आणि नवरा गुणगुणतोय!

बाविसाव्या संध्याकाळी मास्तर कुंपणाला टेकले होते. मागून बायको आली, हातात वही. तिच्यामागे सलूनवाला, तोंडाला फेस लावलेल्या गिऱ्हाइकासकट! गेट उघडून वकीलबाई बाहेर आल्या.

"हाच तो! तीन आठवडे माझ्या कुंपणाशी घुटमळतोय! तक्रार लिहूनच ठेवलीय मी!"

"तक्रार नंतर करा," बायको कडाडली. "आधी सांगा, कितवा महिना?"

"काय?"

बायकोने वही उघडून भर रस्त्यात वाचली. चौतीस, सदतीस, चाळीस, चव्वेचाळीस.

वकीलबाई लालबुंद झाल्या. "चव्वेचाळीस? माझी कंबर? अहो, कुठल्या डोळ्यांनी मोजलीत?"

"मोजली नाही हो!" मास्तरांना वाटलं, रस्ता फाटेल तर बरं, आत तरी जाता येईल. "हातसुद्धा लावला नाही! मी... मी नुसता चालतो."

"नुसता?" सलूनवाला.

"नुसता. इथवर येतो, झाड बघतो, परत जातो. डॉक्टरांनी सांगितलंय." मग बायकोकडे वळून काकुळतीने म्हणाले, "अगं, तीन आठवड्यांत एकदा तरी ओरडलो का तुझ्यावर?"

"म्हणूनच तर संशय आला!"

वकीलबाईंनी मास्तरांना खालपासून वरपर्यंत पाहिलं, खोटं बोलायचीही या माणसाची ऐपत नाही हे ओळखलं, आणि "चव्वेचाळीस!" म्हणत गेट आपटून आत गेल्या.

बायको मात्र गेटच्या पायरीवर मटकन बसली. "भानगड असती तर चार बायकांत रडता आलं असतं मला! नवरा भर संध्याकाळी रिकामा भटकतो, हे कुठल्या तोंडाने सांगू? उरलेलं गिऱ्हाईकही जाईल!"

मग ती उठली. पदर खोचला आणि सलूनवाल्यापुढे जाऊन ठणठणीत आवाजात म्हणाली, "भाऊ, आता लपवून काय उपयोग! यांना मूळव्याध आहे. सांगायला लाजतात, म्हणून ही सगळी सोंगं. बसणं वर्ज्य, चालणं हेच औषध!"

मास्तरांनी तोंड उघडलं. बायकोने बघितलं. मास्तरांनी तोंड मिटलं.

आता मास्तर रोज फिरतात, टेपबिप काही न घेता. पाठ ताठ आहे, झोप उत्तम आहे, आणि ते पँटचं कापडही परत आलंय, सहानुभूतीपोटी. कुठे चाललात, असं एकही जण विचारत नाही. दुकानात मास्तरांच्या स्टुलावर मधोमध भोक असलेली उशी आहे, गल्लीने भेट दिलेली. गिऱ्हाईक आलं की आधी उशीकडे बघतं, मग मास्तरांकडे.

फक्त एका दिवशी, चुकून, मास्तर वाटेतल्या बाकावर जरा टेकले. टेकले मात्र, सलूनवाला वस्तरा हातात घेऊन धावत बाहेर आला आणि रस्ताभर ऐकू जाईल असा ओरडला,

"बसू नका मास्तर! बसू नका! चालत राहा!"