लाल म्हणजे 'नाही'

मुलीला वाचायला मी शिकवणार, हे मी छातीठोकपणे जाहीर केलं. अहो, मी पेंटर! रस्त्यावरची निम्मी दुकानं माझ्या पाट्या मिरवतात. अक्षरं माझ्या हातात खेळतात, आणि माझी भिंगरी ती शिकायला दुसऱ्याकडे जाणार?

माझी थोरली बहीण बालवाडी चालवते. ती म्हणाली, "अरे, तुला धीर नाही. रोज संध्याकाळी पाठव तिला माझ्याकडे."

संध्याकाळी! दिवसभर शिडीवर लटकून घरी आलो की तेवढाच तास भिंगरी माझ्या मांडीवर असते. तो तास मी कुणालाही दिला नसता, ताईलासुद्धा नाही.

"रविवारी येऊन बघ. नाही वाचलं तर घेऊन जा!" मी म्हणालो.

ताईचं म्हणणं, आधी वारंवार येणारे छोटे शब्द मुलांना बघताक्षणी ओळखू यावेत. आहे, नाही, आणि, पण, चल. एवढंच? मी कार्डं कापली आणि रंगांचे डबे उघडले. 'नाही' लालभडक, मागे काळी सावली. 'आहे' हिरवं, कडेला वेलबुट्टी. 'पण' निळं, त्याला शेपटी. बायको म्हणाली, "अहो, शब्द लिहिताय की लग्नाचा मंडप सजवताय?"

मी दुर्लक्ष केलं. आणि काय सांगू! भिंगरीनं दोन दिवसांत सगळी कार्डं पाठ केली. दाखवायचा अवकाश, की उत्तर हजर. कार्ड उलटं धरलं तरी वाचायची! मला वाटलं, पोरगी विलक्षण हुशार आहे. बापावर गेली असणार.

रविवारी ताई आली. घरातली परीक्षा भिंगरीनं झटक्यात जिंकली. मी एवढा फुगलो की म्हणालो, "चल ताई, रस्त्यावर वाचून दाखवते!"

कोपऱ्यावर दातांचे डॉक्टर आहेत. त्यांची पाटी माझीच: 'दात दुखत आहे? आत या!' लालभडक, मागे काळी सावली, अक्षरांना फुलांसारखी वळणं.

भिंगरी दारात उभी राहून ओरडली, "नाही!"

गाल सुजलेला एक माणूस पायरीवर घुटमळत होता. त्याचा चेहरा उजळला. "डॉक्टर नाहीत?"

"नाही!" भिंगरीनं पाटीकडे बोट दाखवलं.

"वा, वा! मग काय करणार!" असं म्हणून तो पळालाच. त्याच्या आवाजानं आत बाकावर बसलेले दोघेही उठले. त्यांनाही निमित्तच हवं होतं!

शेजारी शिंप्याचं दुकान. पाटी माझी. हिरवी, वेलबुट्टीची.

"आहे!" भिंगरी किंचाळली.

"डॉक्टर इकडे आहेत वाटतं," म्हणत दात दाखवायला आलेल्या एक आजीबाई शिंप्याकडे शिरल्या, खुर्चीत बसल्या आणि त्यांनी आ वासला. शिंपी गळ्यात टेप घालून बघतच राहिला. "आजी, माप तोंडाचं घ्यायचंय का?"

तेवढ्यात डॉक्टर हातात चिमटा घेऊन बाहेर आले. "माझे पेशंट कुठे गेले?"

मी खांबाआड सरकलो. ताईनं शांतपणे पर्समधून खडू काढला आणि पायरीवर साधंसुधं 'नाही' लिहिलं.

"भिंगरे, हे वाच."

भिंगरीनं वाकून बघितलं. "आत्या, याला रंगच नाही. कसं वाचू?"

अरे देवा! पोरगी शब्द वाचतच नव्हती, माझे रंग वाचत होती!

"उद्यापासून संध्याकाळी माझ्याकडे," ताई म्हणाली.

"एक आठवडा दे, ताई," मी अक्षरशः गयावया केली. भिंगरी माझ्या पॅंटला बिलगून उभी होती. ताई विरघळली. "बरं. पण काळ्या रंगात. शेपट्या बंद!"

त्या रात्री मी साधी काळी कार्डं केली. हात शिवशिवत होता, पण शेपटी काढली नाही. भिंगरी रोज मांडीवर बसून अडखळायची, चुकायची, माझ्या नाकाला बोट लावून हसायची. आता उत्तरं झटकन येत नव्हती. पण येत होती. तेवढा सुखाचा आठवडा माझ्या आयुष्यात दुसरा नसेल.

पुढच्या रविवारी ताईनं त्याच पायरीवर खडूनं शब्द लिहिले. भिंगरीनं सगळे वाचले. ताईनं खडू पर्समध्ये टाकला. "ठेव बाबा तुझा तास तुझ्याकडे."

मला आनंदानं राहवेना. "भिंगरे, आता वरची पाटी बघ. तिच्यात तुझं 'आहे' लपलंय. शोध!"

भिंगरीनं मान वाकडी करून बघितलं. पुन्हा बघितलं. "बाबा, ही अक्षरं आहेत की फुलं?"

डॉक्टर दारातच होते. त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. "पोरी, सुटलो! मला वाटायचं, मलाच वाचता येत नाही."

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना नवी पाटी करून दिली. पांढऱ्यावर काळी, साधी, तीही फुकट. भिंगरीनं पलीकडच्या फुटपाथवरून खणखणीत आवाजात 'आहे' वाचलं.

नेमका तोच गाल सुजलेला माणूस खाली मान घालून चालला होता. त्यानं वर बघितलं. आता न समजल्याचा आव आणायची सोय नव्हती. पायरी चढताना त्यानं माझ्याकडे जळजळीत कटाक्ष टाकला.

"आधीची पाटी फार सुंदर होती हो!"

इतकी वर्षं पाट्या रंगवतोय. माझ्या कलेचा चाहता मिळाला तो एवढा एकच!