मन लावून ऐकण्याची बारा कार्डं

समाजाची उंची त्यातली माणसं एकमेकांचं किती ऐकून घेतात यावरून ठरते, असं म्हणतात. (नेमकं कोण म्हणतं, ते कोणी ऐकलेलं नाही.) या कसोटीवर समाज बराच उंच गेला होता, आणि त्याचं श्रेय 'शून्यातून शिखराकडे' या कार्यक्रमाला द्यावंच लागेल. दर आठवड्याला एखादे यशस्वी गृहस्थ किंवा बाई सोफ्यावर बसून आपण शून्यातून कसे वर आलो ते सांगत. समोर सूत्रसंचालक दादा बसत आणि मन लावून ऐकत. ज्यांच्या आयुष्यात शून्य नसे त्यांना ते वाहिनीतर्फे शोधून दिलं जाई. एका उद्योजिकेच्या बाबतीत काहीच हाती लागेना, तेव्हा तिची सातवीची गणिताची उत्तरपत्रिका कामी आली.

दादांचं ऐकणं हा घरोघरी कौतुकाचा विषय होता. किंचित पुढे आलेली मान, हनुवटीखाली मूठ आणि नेमक्या जागी एक उद्गार. हे उद्गार दादांच्या काळजातून येतात अशी लोकांची समजूत होती. प्रत्यक्षात ते कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूने येत. तिथे एक बाई पुठ्ठ्याची मोठाली कार्डं धरून उभ्या असत, आणि त्या कार्डांवरचा मजकूर ज्याने लिहिला तो माणूस मागे अंधारात, वायरींच्या गुंडाळ्यांमध्ये, एका डुगडुगत्या खुर्चीवर बसलेला असे. पगारपत्रकावर त्याचा हुद्दा 'उद्गारलेखक' असा होता.

कार्डं एकूण बारा. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर त्याने अख्खं एक दशक निभावून नेलं, ही साहित्याच्या इतिहासात नोंद व्हावी अशी बाब आहे, असं त्याचं स्वतःचं मत होतं. (इतिहासाचं मत अद्याप आलेलं नाही.) पहिलं कार्ड 'अरे वा!', हे यशासाठी. चौथं 'काय सांगता!', हे पाहुण्याने मघाशीच सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगितली की. नववं 'अरेरे…' आणि खाली कंसात सूचना: डोळे ओले, पण ब्रेकपूर्वी कोरडे. अकरावं त्याचं सर्वांत लाडकं: 'आणि तरीही तुम्ही खचला नाहीत.' ते लिहायला त्याला दोन महिने लागले होते. पहिल्या मसुद्यात 'तरीही' नव्हतं.

घरी मात्र त्याची काही किंमत नव्हती. कार्यक्रम लागला की आई टीव्हीकडे बोट दाखवून म्हणायची, "बघ, बघ तो दादा कसं मन लावून ऐकतो! नाहीतर तू. मघापासून सांगतेय माझा गुडघा धरलाय, लक्ष आहे का?"

"अगं आई, ते सगळं मीच लिहितो."

"गुडघ्याचं बोल."

त्याचं म्हणणं असं, की दिवसभर ऐकण्याचंच काम केल्यावर घरी येऊन पुन्हा ऐकायचं म्हणजे तो ओव्हरटाइम झाला. बायकोला हे त्याने एकदा समजावून सांगितलं होतं. ती म्हणाली, "हो का?" (कार्ड क्रमांक दोन. सूर बरा लागला होता.) एरवी तिला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना तो हेही आवर्जून सांगे, की आपणसुद्धा शून्यातूनच आलो, बरं का. ओळख ना पाळख, थेट वाहिनीच्या दारात जाऊन उभे राहिलो.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका थेट प्रक्षेपणात कार्डवाल्या बाईंना शिंक आली.

सोफ्यावर त्या दिवशी गाद्यांचे कारखानदार होते, आणि कार्यक्रमाचे प्रायोजकही तेच होते. ते सांगत होते, "खिशात दमडी नव्हती. एका सतरंजीवर झोपायचो. त्याच रात्री ठरवलं, जगाला गादीवर झोपवीन." इथे अकरावं कार्ड यायचं होतं. शिंक आली, कार्ड खाली गेलं. दादांनी डावीकडे पाहिलं, तिथे फक्त बाईंचा रुमाल होता. काहीतरी म्हणायला तर हवं, म्हणून ते म्हणाले,

"मग?"

एवढ्यावर भागलं असतं. पण दादा उत्तरासाठी थांबले.

कारखानदारांना गेल्या कित्येक वर्षांत कोणी असं विचारलं नव्हतं. ते गोंधळले. "मग… मग काय, पप्पांनी कारखाना दिला." आणि सावरून घ्यायला पुढे म्हणाले, "म्हणजे तो होताच. सतरंजी कारखान्यातलीच होती."

दुसऱ्या दिवशी वाहिनीने जाहीर केलं की दादा नव्या वाटा शोधण्यासाठी स्वेच्छेने कार्यक्रम सोडत आहेत. दादांना ही स्वेच्छा पडद्याखालच्या पट्टीत वाचायला मिळाली.

लगोलग चौकशी समिती बसली. कार्यक्रमप्रमुख मॅडम, गादी कंपनीचा माणूस आणि वाहिनीचा अकाउंटंट. प्रश्न एकच होता: तो 'मग' कोणाचा? उद्गारलेखकाला आत बोलावलं तेव्हा त्याने दारातच हिशेब मांडला. 'मग' माझा म्हणावं, तर दादांच्या पाठोपाठ आपणही नव्या वाटा शोधणार. माझा नाही म्हणावं, तर दादा आपलं आपण बोलू शकत होते असं सिद्ध होणार. मग इतकी वर्षं मागच्या अंधारात बसून आपण केलं तरी काय, असं कोणी विचारलं तर? तो हो म्हणाला असता तर गेला असता आणि नाही म्हणाला असता तर कधी नव्हताच असं ठरलं असतं.

"बोला," मॅडम म्हणाल्या. "तुमचा की त्यांचा?"

"मॅडम, शब्द माझा असेलही. शब्द काय, कोणाचाही असू शकतो. पण थांबले ते दादा. माझ्या एकाही कार्डावर 'थांबा' असं लिहिलेलं नाही. तपासून बघा."

बाराही कार्डं तपासण्यात आली. समितीने एकमताने निष्कर्ष काढला की गुन्हा बोलण्याचा नसून उत्तर ऐकण्याचा आहे, आणि त्यात उद्गारलेखकाचा काडीचाही हात नाही. तो बाहेर आला आणि वायरींच्या गुंडाळीवरच बसला. इतकं निर्दोष त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आता नवा सूत्रसंचालक शोधणं आलं. एक नट आले, ते पाहुण्याच्या दुःखात पाहुण्याआधीच रडले. एक निवृत्त प्राध्यापक आले, विचारलंही त्यांनीच आणि सांगितलंही त्यांनीच. बातम्यांतले एक जण आले, त्यांच्यासमोर पाहुण्याने तोंड उघडलं, पण ते शेवटपर्यंत उघडंच राहिलं. शेवटी अकाउंटंटने विचारलं, "आपल्याकडे दादांच्या जुन्या माना किती आहेत?"

माना विपुल होत्या. जुन्या भागांतून दादांचं ऐकणं वेचून काढण्यात आलं आणि पाहुण्यासमोरच्या खुर्चीत दादांऐवजी एक पडदा ठेवण्यात आला. बारा कार्डांची बारा बटणं झाली. ती दाबायला माणूस हवा होता, आणि उद्गारलेखकाला बढती मिळाली. हुद्दा 'ज्येष्ठ उद्गारलेखक (बटणं)'. डुगडुगती खुर्ची बदलून मिळाली. त्याने घरी पेढ्यांच्या थाटात ही बातमी दिली. आई म्हणाली, "म्हणजे दादा आहे ना अजून? मग झालं तर."

पहिल्याच भागात बटणांची जागा त्याच्या हाताला बसलेली नव्हती. पाहुणे म्हणाले, "आणि ऐन परीक्षेच्या दिवशी वडील गेले." त्याने नववं बटण दाबायला हात नेला, पण बोट पहिल्यावर पडलं.

"अरे वा!" पडद्यावरचे दादा म्हणाले.

त्याच्या अंगाला दरदरून घाम फुटला. पण स्टुडिओत टाळ्या पडल्या. पाहुणे म्हणाले, "धन्यवाद, धन्यवाद," आणि त्याच दमात वसतिगृहाच्या दिवसांवर गेले. तक्रारीचा एकही फोन आला नाही. प्रेक्षकसंख्या सव्वापट झाली. (ती आधी किती होती हे मोजणारा विभाग स्वतंत्र आहे.) घडलेला प्रकार कोणाच्याच लक्षात आला नाही.

अकाउंटंटच्या आला.

पुढच्या आठवड्यापासून बटणं आपली आपण, ठरावीक अंतराने दाबली जाऊ लागली. मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावून घेतलं. तो जीव तोडून बोलला. आयुष्याची इतकी वर्षं आपण या कार्यक्रमाला दिली, 'तरीही' हा शब्द आपण घातला, अंधारात बसून बसून चष्म्याचा नंबर वाढला. मॅडम हनुवटीखाली मूठ घेऊन, मान किंचित पुढे करून ऐकत होत्या. तो थांबला तेव्हा त्या हळुवारपणे म्हणाल्या, "आणि तरीही तुम्ही खचला नाहीत."

त्याच्या मनात आलं, 'तरीही'वर जोर थोडा कमी पडला.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा कार्यक्रम सुरू होता. आई आणि बायको सोफ्यावर होत्या. तो त्यांच्यासमोर उभा राहिला.

"माझी नोकरी गेली."

"काय सांगतोस!" आई पडद्याकडे बघत म्हणाली.

"अरे वा," बायको मोबाइलकडे बघत म्हणाली.

तो तसाच उभा राहिला. दोघींपैकी एकीने तरी पुढचं विचारावं म्हणून तो वाट बघत होता.

"जरा बाजूला हो ना," आई म्हणाली. "दादा दिसत नाहीये."

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे दादा होते, खरेखुरे. "कळलं मला," ते म्हणाले. "मग?"

आणि थांबले.

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घालणाऱ्या माणसाने आधी स्वतःचा नेहमीचा मजकूर चाचपला. शून्य, वाहिनीचं दार, ओळख ना पाळख, हे सगळं जिभेवर आलं आणि परत गेलं. दादा थांबूनच होते. "मग काय," तो शेवटी म्हणाला, "मामा वाहिनीच्या संचालक मंडळावर होते, दादा. त्यांनीच चिकटवलं होतं मला. ते मागच्या महिन्यात निवृत्त झाले."

आईची मान गर्रकन वळली. "अरे, मामाचं नाव कशाला घेतोस फोनवर!"

त्या घरात गेल्या दहा वर्षांत त्याचं नीट ऐकलं गेलेलं हे पहिलं वाक्य. बायकोनेही मोबाइल खाली ठेवला होता. पडद्यावरचे दादा एका लोणीसम्राटाला सांगत होते की आणि तरीही तुम्ही खचला नाहीत.

वाचकहो, त्याची नोकरी गेली तिथे आपण मनात 'अरेरे' म्हणालात. ते नववं कार्ड. मामांपाशी 'काय सांगता' म्हणालात, ते चौथं. दोन्हींचे हक्क वाहिनीकडे आहेत, पण घरगुती वापराला तिची हरकत नाही. मधे कुठेतरी, बहुधा समिती बसली तेव्हा, घरातलं कोणीतरी आपल्याला काही सांगून गेलं, आणि पानावरून मान वर न करता आपण "हं" म्हणालात. तो 'हं' मात्र अस्सल आपला. वाहिनी तेराव्या कार्डासाठी त्याचा विचार करते आहे.