उसणीवर मामांची लाथ

वालूरला असताना मी एका माणसाची लाथ खाल्ली आणि वर त्यालाच चहा पाजला. हे काही एकट्या माझ्याच बाबतीत घडलं नाही. सकाळी गणपतमामांच्या ओट्यावर गावातली चांगली चांगली माणसं पालथी पडलेली असत आणि आपल्याला लाथ कधी बसते याची वाट बघत.

मामा पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून पायाकडून आलेले. अशा माणसानं कमरेत लाथ घातली की भरलेली उसण उतरते, याबद्दल आमच्या मुलखात कुणाला शंका नाही. मी नुकताच परभणीहून वालूरच्या शाळेत मास्तर म्हणून आलो होतो. निजामी जाऊन फार काळ झाला नव्हता. शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली होती, कचेरीतले साहेब बदलत होते. मामांना त्याचं काही अप्रूप नव्हतं.

"मागल्या तहसीलदाराला बी ह्याच पायानं हाणलं, अन् आताच्याला बी. राज बदललं मास्तर, कंबर तीच हाय," ते म्हणायचे.

लाथ घालायची त्यांची रीत मात्र फार अदबीची. एरवी हा शेळ्यामेंढ्यांमागे हिंडणारा अत्यंत गरीब स्वभावाचा माणूस. समोरचा वयानं मोठा असला की आधी त्याच्या पाया पडायचे, मग पाय उचलून विचारायचे, "इजाजत?" होकार आला की लाथ, आणि लगेच पुन्हा पाया पडणं. आमचे हेडमास्तर भीतीपोटी होकारच देईनात, तेव्हा मामा बराच वेळ एका पायावर ताटकळत उभे होते. शेवटी हेडमास्तरांच्या बायकोनं आतून होकार दिला.

उजव्या पायाची त्यांनी फार बडदास्त ठेवली होती. त्याला रोज करडीचं तेल. वहाणही फक्त त्याच पायात, डावा आपला अनवाणी काटे तुडवतोय. "डाव्याला काय काम हाय?" असा त्यांचा सवाल. आडव्या आलेल्या शेळीलासुद्धा त्यांनी कधी उजवा पाय लावला नाही.

पण आलेल्या प्रत्येकाला ते लाथ घालत, असं मात्र नाही. आधी बोटांनी कंबर चाचपायचे. वाकताना एकदम लचक भरली, श्वास घेताना कळ येते, ती उसण. ती त्यांची. कळ कुल्ल्यातून निघून पोटरीवरून थेट घोट्यापर्यंत उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर हात झटकायचे. "ही नस दबलीय. ही माझ्या पायाची न्हाई, दवाखान्याची हाय." बरगडीखाली कळ येऊन लघवीला जळजळ होत असेल तर म्हणायचे, "ह्यो खडा हाय. पानी पी लय, अन् डाक्टरकडं जा." माकडहाडावर आपटून आलेल्याला ते नुसते बसायला गोधडी द्यायचे. कंबर म्हणजे त्यांच्या मते बाज. पायथ्याची दोरी सैल पडली की सगळी बाज झोळते, मग मधल्या मणक्यांना बोल लावून काय उपयोग?

माझी उसण शाळेचं टेबल उचलताना भरली. मामांनी चाचपलं, इजाजत घेतली आणि लाथ घातली. उसण उतरली की घाबरून पळाली, ते मला अजून सांगता येत नाही. पण मी सरळ उभा राहिलो, एवढं खरं.

त्यांना एकच मुलगी, गिरजा. मामी तापानं गेल्यापासून मामांनीच तिला वाढवलेली. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सुईण सखूमायनं पोट चाचपलं आणि सांगितलं, "लेकराचे पाय खाली हायत."

गावात आनंदीआनंद झाला. मामा आता थकले होते, गावाला त्यांच्यामागे पायाळू हवाच होता. लोक ओट्यावर येऊन मुबारक देऊ लागले. पाटील तर म्हणाले, "गणपत, नातू आला की पैली लाथ माझी."

मामांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"पैली लाथ कुनाला बसती, ठाव हाय का पाटील? माझी पैली लाथ माझ्या मायला बसली. मी आलो अन् ती गेली. शेळीच्या दुधावर वाढलो मी. जा तुमी घरी. आजपासून पाय बंद."

ओटा रिकामा झाला. मला त्या माणसाकडे बघवेना. इतकी वर्षं लोक ज्या पायाचं कौतुक करत होते, त्याचंच त्यांना ओझं होतं.

त्यानंतर सखूमाय रोज येऊन गिरजेच्या पोटाला तेल लावून हलक्या हातानं लेकरू फिरवायचा प्रयत्न करू लागली. मामांनी परभणीच्या दवाखान्यासाठी दारात गाडी जुंपून ठेवली. बैल दिवसभर उभे राहून वैतागायचे, मामा त्यांची समजूत घालायचे. पण कळा अशा अचानक आणि जोरात आल्या की सखूमाय म्हणाली, आता गाडीत घालू नका. भर दुपारी सगळं गाव पुन्हा ओट्याभोवती जमलं. माझी बायको आत मदतीला होती. मामा दाराला पाठ लावून बसले होते, आतून गिरजेचा आवाज आला की डोळे मिटून घ्यायचे. मग आवाज थांबला. नंतर लेकरू रडलं.

सखूमाय हात पुसत बाहेर आली. "पोरगी झाली. डोक्याकडून आली."

"म्हंजे उसणीच्या कामाची न्हाई," पाटील हळूच म्हणाले. दोघातिघांनी मान हलवली.

मामांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते सखूमायकडे बघत होते.

"अन् माय?"

"मायला काय धाड भरली? भूक लागली म्हनायलीय. कण्या मागायलीय."

मामांनी दोन्ही हात जोडले. "सखूमाय," ते म्हणाले, "पुन्यांदा सांग."